‘लावा आणि विसरा’ म्हणवल्या जाणाऱ्या बॉक्सवुडविषयी

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एप्रिल उजाडला की बॉक्सवुड या बारीक पानांच्या सदाहरित शोभेच्या झुडपाविषयी एक संदेश हमखास फिरू लागतो : ‘घरापुढे बॉक्सवुड लावा आणि विसरा. कसलीही जमीन चालते, बर्फातही हिरवेगार राहते, हरीण तोंड लावत नाही, वर्षातून दोनदा यंत्राने छाटले की झाले, कीड-रोगाचे नाव नको.’ या पाच विधानांपैकी एक खरे आहे, एक अर्धे खरे आहे आणि उरलेल्या तिन्हींवर विसंबून नवे घर घेतलेली माणसे महागडी रोपे हकनाक गमावतात.

खरे विधान हरणाचे. या झुडपाच्या पानांत कडू, विषारी अल्कलॉइड असतात, त्यामुळे हॉस्टा आणि ट्युलिप एका रात्रीत फस्त करणारी हरणे याच्या वाटेला सहसा जात नाहीत. तेच विष कुत्र्याला आणि घोड्यालाही बाधते, एवढे मात्र संदेशात जोडायला हवे होते. शिवाय युरोपीय जातीच्या पानांना उन्हात मांजराच्या मुतासारखा वास येतो. दारालगत लावण्यापूर्वी नर्सरीत एकदा नाक जवळ नेऊन पाहिलेले बरे.

‘कसलीही जमीन’ हे विधान लिहिणाऱ्याने आमच्याकडची चिकण माती पाहिलेली नसावी. बॉक्सवुडची मुळे उथळ आणि तंतुमय असतात, त्यांना पाण्याचा निचरा लागतो. आणि नव्या घराभोवतीची माती बांधकामाच्या यंत्रांनी इतकी दाबलेली असते, की त्यात छपराच्या पन्हळीचे पाणी उतरले तर ते तिथेच तुंबून राहते आणि मुळे कुजतात. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात पाणी दिसले तर जागा बदलावी. रोप लावताना मुळांचा गोळा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित उंच राहू द्यावा आणि मल्च (बुडाशी पसरायचा सालीच्या तुकड्यांचा किंवा पाल्याचा थर) इंचभरच घालावा. (हाच संदेश पुण्यात पोहोचल्यावर मावशीने ‘आमचे बॉक्सवुड बघ, छान फुललेय’ म्हणून फोटो पाठवला, तो सुगंधी पांढऱ्या फुलांच्या कुंतीचा होता. कामिनी म्हणून विकल्या जाणाऱ्या या झाडाला इंग्रजीत ‘चायना बॉक्स’ म्हणतात खरे, पण ते लिंबू-संत्र्याच्या कुळातले आहे आणि येथील एकही मुद्दा त्याला लागू नाही.)

बर्फातल्या हिरवेपणाचे विधान अर्धे खरे. पाने गळत नाहीत, हे बरोबर. परंतु जानेवारीतले ऊन आणि कोरडा वारा पानांतील पाणी ओढून घेत असताना गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते भरून काढता येत नाही, आणि मग वाऱ्याच्या बाजूचे शेंडे नारिंगी-तपकिरी होतात. जमीन गोठण्यापूर्वी, नोव्हेंबरपर्यंत भरपूर पाणी देणे हाच त्यावरचा साधा उपाय. कोरियन जातींवर येणारी तांबूस झाक वसंतात बहुधा आपोआप जाते.

सर्वांत खोटी समजूत छाटणीची. यंत्राने वरवर कातरत राहिले की प्रत्येक शेंड्याला दोन-तीन नवे फुटवे येतात, बाहेर पानांचे दाट कवच तयार होते आणि आत प्रकाश पोहोचेनासा होतो. अशा गोल गरगरीत झुडपात दोन्ही हात घालून फांद्या बाजूला कराव्यात : आत उघड्या काटक्या, बेचक्यांत अडकलेला ओला पाचोळा आणि कुबट वास. दमटपणा इथेच टिकतो आणि बुरशीला हेच हवे असते. म्हणून जाणते लोक डिसेंबरच्या सुमारास हाताने विरळणी करतात. आतपर्यंत हात घालून वीतभर लांबीच्या काही फांद्या ठिकठिकाणी काढतात आणि त्याच नाताळच्या तोरणांना वापरतात. ऑगस्टनंतर कातरले तर कोवळी फूट थंडीत सापडते.

उरला रोगाचा मुद्दा. ‘बॉक्सवुड ब्लाइट’ हा बुरशीजन्य रोग ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात आढळला आणि 2011 साली कनेटिकट व नॉर्थ कॅरोलायनात त्याची खात्री झाली. पानांवर गडद ठिपके, कोवळ्या हिरव्या काड्यांवर काळ्या रेघा आणि बुडाकडून वर सरकणारी पानगळ ही त्याची खूण; थंडीने करपलेली पाने बाहेरच्या शेंड्यांवर असतात आणि बराच काळ चिकटून राहतात, इथे मात्र पाने पटापट गळतात. बीजाणू चिकट असल्याने ते कात्री, हातमोजे आणि बुटांवरून प्रवास करतात. आमच्या दारची आठांपैकी पाच झुडपे एका उन्हाळ्यात गेली, आणि छाटणी करणारा माणूस त्याच कात्रीने शेजारच्या घरून थेट आमच्याकडे आला होता, हे मी स्वतः पाहिले होते. बुरशीनाशके रोगाला आधी अडवू शकतात, लागलेला रोग बरा करत नाहीत. मूळची पूर्व आशियातील ‘बॉक्स ट्री मॉथ’ ही पतंगाची जात 2007 साली जर्मनीत आणि 2021 साली न्यूयॉर्क राज्यात सापडली. तिच्या काळ्या पट्ट्यांच्या हिरव्या अळ्या झुडपाच्या आतच जाळे विणून पाने खातात, तेव्हा आत न डोकावणाऱ्याला त्या दिसतात तोवर उशीर झालेला असतो.

पुन्हा लावायचेच असेल तर ‘इंग्लिश बॉक्सवुड’ म्हणून विकली जाणारी, रोगाला चटकन बळी पडणारी बुटकी जात टाळावी, ‘न्यूजेन’ मालिकेतील सहनशील वाण विचारावेत आणि नवे रोप काही आठवडे जुन्यांपासून दूर ठेवावे. मेलेली झुडपे पाचोळ्यासकट पिशवीत बांधून टाकावीत, कंपोस्टमध्ये नव्हे, कारण ही बुरशी गळलेल्या पानांत वर्षानुवर्षे तग धरते. बुडाशी पॅकिसँड्रा ही जमीन झाकणारी वनस्पती पसरलेली असेल तर तीही तपासावी. ती याच कुळातली आहे आणि तिलाही हा रोग लागतो. आमच्या त्या पाच जागांवर मी इंकबेरी लावली आहे. ती याच किनारपट्टीची सदाहरित हॉली आहे, ओली माती सोसते, आणि बुडाशी जराशी उघडी दिसते एवढीच माझी तिच्याविषयी तक्रार आहे.