पुढे दीडशे किलो टांगा, ट्रॅक्टर पलटणारच नाही?

मिनी ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. "पुढे लावायचं कंपनीचं वेट (जादा वजन) घेऊ नका. वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा ब्रॅकेट करून घ्या, बंपरला जोडा, दीडशे-दोनशे किलो टांगा. तोंड उचलणार नाही, ट्रॅक्टर पलटणार नाही, ओढ वाढेल, डिझेल वाचेल." घरच्या ब्रॅकेटला माझा विरोध नाही. नीट केला तर तो कंपनीच्या ब्रॅकेटइतकंच काम देतो. पण बाकीचे दावे एकेक तपासायला हवेत, कारण त्यातल्या एका वाक्यावर विसंबून माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

तेच वाक्य आधी घेतो. "पलटणार नाही." पुढचा एक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळे बांधावर ट्रॅक्टर कलायला लागला की पुढची चाकं सुरुवातीला त्याला अडवतच नाहीत. आधार असतो तो त्रिकोणाचा: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. हा त्रिकोण मागे रुंद, पुढे निमुळता. पुढे वजन टांगलं की एकूण भार निमुळत्या टोकाकडे सरकतो. म्हणजे आडवं पडण्यापासून वाचवणं दूरच, गरजेपेक्षा जास्त वजन टांगलं तर धोका थोडा वाढतोच.

मागे उलटण्याचंही तसंच. फसलेली ट्रॉली काढताना साखळी टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी अडकवली, तर पुढे वजन असूनही ट्रॅक्टर सेकंद-दीड सेकंदात चालकाच्या अंगावर येऊ शकतो. क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. साखळी ड्रॉबारलाच (मागच्या खालच्या ओढायच्या दांड्यालाच) बांधायची, आणि रोलबार (चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर पट्टा लावूनच बसायचं. जीव यानेच वाचतो.

"तोंड उचलणार नाही" हे मात्र खरं आहे, पुढचं वजन त्यासाठीच असतं. प्रश्न किती टांगायचं हा आहे. सर्वसाधारण नियम असा, की अवजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहायला हवा, नाहीतर स्टिअरिंग हलकं पडतं. समजा ट्रॅक्टर 850 किलोचा आहे, त्यातले 340 किलो पुढच्या चाकांवर, आणि दोन एक्सलमधलं अंतर दीड मीटर. मागे द्राक्षबागेचा ब्लोअर (फवारणी यंत्र), 200 लिटर पाण्यासकट 320 किलो, मागच्या एक्सलपासून एक मीटरवर. तो उचलला की पुढचे सुमारे 213 किलो कमी होतात आणि 127 उरतात. असायला पाहिजेत 170 (850 चा पाचवा हिस्सा). तूट 43 किलोची. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे टांगलेला प्रत्येक किलो तिथे सव्वा किलोहून जास्त भरतो, म्हणून ही तूट जेमतेम 32 किलोत भरून निघते. चढ आणि गचके धरून 50-60 किलो ठेवा. दीडशे कशाला?

आकडेमोड नको असेल तर ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्या. अवजार उचललेलं, टाकी भरलेली, फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर पण त्याच पातळीत. जो आकडा येईल त्यावर ठरवा. पुढच्या एक्सलला किती भार चालतो ते कंपनीच्या पुस्तकात असतं, तेही बघा. एक्सल आणि किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) बदलायला लागले तर ब्रॅकेटवर वाचवलेले पैसे त्यात सहज जातात.

"ओढ वाढेल." टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो त्या ट्रॅक्टरमध्ये, उलटं होतं. वरच्याच मापाने पुढे 100 किलो टांगले की मागच्या चाकांवरचे 33 किलो उचलले जातात, आणि ओढतात तर तीच चाकं. फोर-व्हीलमध्ये पुढच्या चाकांची पकड वाढते, तिथे दावा अर्धा खरा. रोटाव्हेटरला तर ओढीची फारशी गरजच नसते. त्याची पाती ट्रॅक्टरला पुढेच ढकलतात. डिझेलचं म्हणाल तर चाक स्लिप होत असेल तरच योग्य जागी वजन टाकून फायदा. एरवी तेवढं लोखंड दिवसभर वाहून न्यायचं, आणि काळ्या जमिनीत वाफसा नसताना गेलात तर पुढची चाकं रुतणार.

आता ब्रॅकेट. बंपर हा धक्का झेलायला असतो, वजन पेलायला नाही. बांध ओलांडताना 60 किलोचं वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन ओढतं. पुढचा सपोर्ट बहुतेक ट्रॅक्टरला बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो, त्यावर थेट वेल्डिंग मारू नका, बीड तडकतं. त्याला कंपनीने आटे पाडलेली भोकं ठेवलेली असतात, ब्रॅकेट तिथेच बोल्टने बसवायचा. पातळ अँगल नको. 10-12 मिमीची प्लेट, 75 मिमीचा चॅनेल, कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या, आणि डोक्यावर 8.8 (मजबुतीची खूण) कोरलेले बोल्ट. सगळं वेल्डिंग ब्रॅकेट ट्रॅक्टरवरून काढूनच करा. बसवल्यावर बॉनेट पूर्ण उघडतं का, रेडिएटरची जाळी मोकळी आहे का ते पाहा. मग एक चाक दगडावर चढवा. एक्सल डोलून ब्रॅकेटला घासत असेल, तर तो उतरवून परत कापा.

वाळूची गोणी सुतळीने बांधू नका, ती झोके घेते आणि फाटते. बादलीत काँक्रीट ओतून त्यात वाकवलेली सळई रोवली की साधारण 8 लिटरमध्ये 20 किलोचा ठोकळा होतो. असे तीन करा आणि प्रत्येकाला आरपार पिन घाला, नाहीतर गचक्यात सुटून तो चाकाखाली येतो. एक ठोकळा एकट्याला उचलता येतो, म्हणून ब्लोअर सोडला की ठोकळेही काढून ठेवता येतात.