फी भरून केलेली मजुरी

आपल्याकडे उत्खनन निघाले की खोदणाऱ्याला रोजी मिळते. मी जिथे चाललो होतो तिथे मात्र खोदणाऱ्याकडूनच फी घेत होते, आणि हे बाबांच्या गळी उतरवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. उत्तर इंग्लंडात, रोमन सम्राट हेड्रियनने बांधवून घेतलेल्या भिंतीजवळ चार आठवड्यांचे एक उत्खनन शिबिर होते. बाबांनी त्याची फी, विमानाचे भाडे आणि व्हिसाचा खर्च कागदावर मांडून एक घमेले माती कितीला पडेल, याचा हिशेब काढला. शिवाय नागपुरात गिट्टीखदानातल्या आमच्या घरून काटोल रस्त्याने थोडे पुढे गेले की जुनापाणीची महापाषाणयुगीन शिळावर्तुळे लागतात, आणि ती एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कर्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खोदली होती, हे मीच त्यांना कधीतरी मोठ्या उत्साहाने सांगून बसलो होतो. "तो पगार घेऊन आपल्याकडे खोदायला आला, तू पैसे भरून त्याच्याकडे खोदायला चाललास," एवढे बोलून त्यांनी धनादेशावर सही केली.

आईने बॅगेत मोज्यांचे अकरा जोड कोंबले. मी त्यावरून तिची पुष्कळ थट्टा केली. पुढे एका रविवारी विंदोलांडा हे रोमन ठाणे पाहायला गेलो. तिथे १९७३ मध्ये पातळ लाकडी फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडू लागली, आणि त्यांतल्या एका पत्रात कोणीतरी कोणाला तरी मोजे आणि आतले कपडे पाठवल्याचे कळवले आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ती ओळ वाचत मी उभा होतो, तेव्हा माझ्या पायांत आईने दिलेला नववा जोड होता आणि तोही भिजलेला होता.

कारण तिथला पाऊस. नागपूरचा पाऊस येतो, झोडपतो आणि जातो; तिथे मात्र पाऊस पडतो आहे की नाही हे कळायलाच अर्धा तास लागायचा, आणि तोवर माणूस आतून ओला झालेला असायचा. ४५ अंशांत तावून सुलाखून निघालेला मी भर जुलैत गुडघ्यांखाली रबरी तुकडा घेऊन चिखलात थरथरत बसलेला असे. मार्गदर्शक बाई मात्र त्या चिखलावर बेहद्द खूश होत्या. अशा पाणथळ मातीत प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून लाकूड आणि चामडे कुजत नाही, हे त्यांनी मला तीन वेळा समजावले. मीही त्या दृष्टीने उत्तम टिकून राहिलो असतो.

खोदणे म्हणजे कुदळ मारणे, ही माझी समजूत पहिल्याच दिवशी मोडली. गवंड्याच्या थापीसारखे एक छोटे हत्यार हातात देऊन माती आपल्याकडे ओढत, मागे मागे सरकत, कांद्याचा पापुद्रा काढावा तशी खरवडायला सांगितली. मग तिचा रंग ठरवायचा. त्यासाठी मुनसेल नावाची रंगांची वही असते; पानांना भोके असतात, आणि भोकामागे मातीचे ढेकूळ धरून शेजारचा रंग जुळवायचा. आमच्याकडे माती एक तर काळी, नाही तर मुरमाड. इथे मी आणि एक पोलिश मुलगी वहीतला रंगक्रमांक '१० वायआर ३/२' की '३/३' यावर पाऊण तास भांडलो, आणि तेवढ्यात पाऊस येऊन दोन्ही ढेकळे सारखीच काळी झाली.

दुसऱ्या आठवड्यात मला सपाट दगड लागला. दोन दिवस ब्रशने घासून मी त्याची रोमन फरशी केली, घरी फोटोही पाठवला. तिसऱ्या दिवशी बाईंनी तो पाहिला आणि अत्यंत सभ्यपणे सांगितले, की हा दगड इथे रोमनांच्याही आधीपासून असाच पडलेला आहे. शेवटी माझ्या नावावर एक गंजलेला खिळा जमा झाला. त्याचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग कोणीतरी सांगितले, की स्कॉटलंडमध्ये इंचटुथिलच्या रोमन छावणीत एकाच खड्ड्यात सात लाखांहून जास्त खिळे सापडले होते. तरी त्या खिळ्याला क्रमांक मिळाला, पिशवी मिळाली, खोली आणि थर लिहिले गेले. नोंद नसलेली वस्तू म्हणजे नुसता कचरा, हे तिथले पहिले आणि शेवटचे सूत्र होते.

घरी परतल्यावर आईने अंगणात कढीपत्त्यासाठी फूटभर खड्डा खणायला सांगितले. मी चार खिळे ठोकले, दोरी बांधली, कडा ओळंब्यात घेतल्या आणि थरांची नोंद करत तीन तासांत आठ इंच खाली गेलो. बाबा खुर्ची टाकून बसले होते, "याचे तासाला किती घेतात?" असे त्यांनी दोनदा विचारले. तेवढ्यात थापीला काहीतरी खणकन लागले. तो चांदीचा चमचा होता. माझ्या बारशातला हा चमचा मोठ्या काकूंनी नेला, असे आई गेली वीस वर्षे प्रत्येक दिवाळीला सांगत आली आहे.

मी थर, खोली आणि दिशा लिहायला वही उघडली. आईने चमचा माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि इकडेतिकडे पाहून म्हणाली, "याची नोंद करायची नाही."