न घेतलेल्या घराचं बिल

घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी हिशेबाची नवी कोरी वही घातली. पहिल्या पानावर घराची किंमत, कर्जाचा हप्ता, रंगकाम. पडद्यांना अख्खं अर्धं पान. वकील सगळ्यात खाली, पडद्यांच्या दांड्यांच्याही खाली, आणि त्यांच्यापुढचा आकडा दांड्यांपेक्षा लहान.

वकिलांना फोन केला. "साधारण किती होतील?" त्यांनी आकडा सांगितला. इतका माफक, की मी लगेच लिहायला घेतला. त्यानंतर ते "खर्च वेगळा" असं काहीतरी म्हणाले, पण तोवर माझं लक्ष बेरजेत होतं.

फी आणि खर्च ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे मला बिल हातात पडल्यावर कळलं. फी म्हणजे वकिलांच्या डोक्याचे पैसे. खर्च म्हणजे त्यांनी आपल्यापायी दुसऱ्यांना मोजलेले: जुने दस्त शोधायचे, नकलांचे, नोंदींच्या उताऱ्यांचे. एका नकलेपुढे तर 'प्रति पान' लिहिलं होतं आणि तो दस्त लिहिणाऱ्याला थोडक्यात सांगायची सवय नव्हती.

यात घर मात्र मिळालं नव्हतं. शोध घेताना त्या घरावर एक जुनं कर्ज निघालं. घरमालक म्हणाले, "अहो, ते कधीच फेडलंय, कागद तेवढा राहिलाय." तो कागद काही शेवटपर्यंत आला नाही. व्यवहार फिसकटला. बिल आलं.

बायकोने ते दोनदा वाचलं. "म्हणजे हे पैसे आपण घर न घेण्याचे दिले?"

"हो."

"मग घेतल्यावर किती पडतील?"

दुसरं घर ठरलं तेव्हा त्याचंही उत्तर मिळालं. मुद्रांक शुल्क म्हणजे घराच्या किमतीवर सरकारचा हिस्सा. घर महाग तर तेही महाग. तो आकडा पाहिला आणि ज्या फीसाठी मी घासाघीस करत होतो, ते चिंचोके वाटायला लागले. त्यात बँकेचा वकील निघाला. आमच्या वकिलांनी वाचलेलेच कागद तो पुन्हा वाचणार, बँकेसाठी. पैसे माझे. निदान एक शंका तरी विचारावी म्हणून फोन केला.

"मी बँकेचा वकील आहे. तुम्हाला सल्ला देता येणार नाही."

"पण तुमची फी मीच भरली ना?"

"हो, मिळाली. आभारी आहे."

एवढे पोळल्यावर मी शहाणा झालो. आमच्या वकिलांना लेखी प्रश्न पाठवले, एकूण अकरा. फी ठरावीक की तासावर? फीत नक्की कोणकोणती कामं धरली आहेत? नकला किती लागतील? व्यवहार मोडला तर किती द्यायचे? प्रवासखर्च लावणार का? त्यांनी एकेका प्रश्नाला सविस्तर, सभ्य, क्रमवार उत्तर दिलं. मला इतकं बरं वाटलं, की मी आणखी चार विचारले. त्यांचीही उत्तरं आली.

खिडक्यांना सध्या जुन्या चादरी लावल्यात. शेवटच्या बिलात सगळं कबूल केल्याप्रमाणे होतं, एक पैसा इकडचा तिकडे नाही. फक्त तळाशी एक नवी ओळ होती: 'पक्षकाराशी पत्रव्यवहार, पंधरा प्रश्न.'