कमोडमुळे लाभलेलं यजमानपद

आमची निवड कशी झाली ते आधीच सांगून टाकतो, उगाच गैरसमज नकोत. रविवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि एरवी मयताची बातमी ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात विचारलं, "तुमच्याकडे कमोड दोन आहेत ना?"

आहेत. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर दुसराही बसवून घेतला होता. त्या गुडघ्यांपायी अमेरिकेहून येणाऱ्या अकरा जणांच्या मिशन टीममधले चौघे नऊ दिवस आमच्याकडे उतरणार हे ठरलं. आमच्या भक्तीचा त्यात काही संबंध नव्हता.

घरी येऊन मंडळींना सांगितलं. (आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे देवळाचे सगळे सभासद. घरातली मंडळी एकटीच असते, पण ठराव तिचेच पास होतात.) मंडळी म्हणाल्या, "अहो, ते आपली सेवा करायला येतायत ना? मग त्यांच्या चादरी कोण धुणार?"

मी बायबलातली मार्था आणि मरियेची गोष्ट काढली: मार्था कामाला जुंपलेली, मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली. "मार्था स्वयंपाकघरात नसती तर त्या दिवशी सगळे काय खाणार होते?" असं विचारून तिने ती तिथेच मिटवली.

पाहुण्यांच्या आधी त्यांची चार पानी सूचनापत्रिका आली. नळाचं पाणी नको, बर्फ नको, दात घासायलासुद्धा बाटलीचंच पाणी. खाणं एकतर शिजवलेलं, नाहीतर सोललेलं. मी ती आईला वाचून दाखवली. "बाळंतिणीची पथ्यं दिसतायत," आई म्हणाली, "पण चौघांना एकदम?" वीस लिटरचे सहा जार आले, टॉयलेट पेपरचं पोतं आलं, आणि आमच्या घरातलं तिखट नऊ दिवसांच्या रजेवर गेलं.

पहाटे तीनला पाहुणे उतरले. जानेवारीच्या थंडीत अकराही जण अर्ध्या बाहीच्या पिवळ्या टी-शर्टात. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, आणि मंडळीचा सेक्रेटरी मी, म्हणून अकराही फॉर्म माझ्याच गळ्यात. पासपोर्टातले फोटो आणि समोर पेंगणारी तोंडं जुळवता जुळवता उजाडलं. व्हिसा पर्यटकाचा. त्यावर धर्मोपदेश करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. त्यामुळे उपदेश बाद. उरलं काय? भेटीगाठी आणि संडे स्कूलच्या खोलीची एक भिंत रंगवणं. भिंत रंगवणं पर्यटनात बसतं का, हे मी कुणालाच विचारलं नाही.

नऊ दिवसांपैकी दोन झोपेत गेले आणि दोन ताजमहालासाठी राखून ठेवले होते. मला आमच्या मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आठवले. १८१२ च्या फेब्रुवारीत ते अमेरिकेहून जहाजाने निघाले आणि कलकत्त्यामार्गे मुंबईला पोचले ते १८१३ च्या फेब्रुवारीत. आल्यावर आधी मराठी शिकायला बसले. ही गोष्ट मी पाहुण्यांना रंगवून सांगितली. हॉलसाहेब १८२६ मध्ये पटकीने गेले, तेवढं मात्र गाळलं.

पहिल्याच नाश्त्याला एका मुलीने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "अंकल, घराण्यातले पहिले ख्रिस्ती तुम्हीच का?" म्हटलं, नाही बाई, माझे पणजोबा. नगरकडचे. मग तिची चौकशी केली. ती पाचवीत असताना तिच्या घरचे चर्चला जायला लागले होते. हळूहळू सवय होते, असा मी तिला धीर दिला.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं देऊळ दाखवायला नेलं. रस्ता ओलांडायचा होता. तांबडा समुद्र दुभंगायला मोशेकडे निदान काठी होती, माझ्याकडे फक्त घडीची छत्री. ती उगारून मी पाण्यात, म्हणजे दुचाक्यांत उतरलो. मागे वळून पाहतो तर पाच जण अलीकडे, पाच पलीकडे, आणि टीमप्रमुख मधोमध डोळे मिटून उभे. एक स्कूटरवाल्या काकू त्यांना वळसा घालताना ओरडल्या, "प्रार्थना फुटपाथवर करा हो!"

तिथल्या मनोऱ्याखाली मी चहाची गोष्ट सांगितली. १८९० साली गोपाळराव जोशांनी पुण्यातल्या बड्या मंडळींना इथे व्याख्यानाला बोलावलं. नंतर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात घेतला. पुढे जोशांनी नावांची यादीच छापवली. टिळक, रानडे, सगळे गोत्यात. मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आणि प्रायश्चित्तं! इतकी चहाची गोष्ट सांगितल्यावर चहा पाजणं आलंच. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून अकरा कप आणवले. अकराही जणांनी ते सुहास्यवदनाने हातात घेतले आणि एकानेही ओठाला लावले नाहीत. दुधाबद्दल शंका होती. तेव्हा मिशनरी चहा पाजत होते आणि पुणेकर बाटायला घाबरत होते. आता पाजणारा मी, आणि घाबरणारे हे. अकराच्या अकरा कप मला आणि ड्रायव्हरला संपवावे लागले. चहा टाकून द्यायचा म्हणजे ते खरं पाप.

रविवारी आमच्या भजनी मंडळाने पेटी-तबल्यावर टिळकांचं पद म्हटलं. टिळक म्हणजे नारायण वामन, १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेले कवी. पण गुरुवार पेठेतले टिळक पाहुण्यांच्या डोक्यात ताजे होते. पाचवीवाल्या मुलीने तिथल्या तिथे वहीत टिपून घेतलं: चहा घेतला आणि पाच वर्षांत बाप्तिस्मा. लोकमान्यांच्या वतीने मी खुलासा करायला हवा होता, पण ती इतकी खूश दिसत होती की धीरच झाला नाही.

आता भिंत. ती मागच्या टीमने हिरवी केली होती, त्याच्या आधीच्या टीमने गुलाबी. या वेळी आकाशी. देखरेखीला आमचा नेहमीचा रंगारी दिवसाच्या हजेरीवर बसवला होता. तो खुर्ची टाकून पाहत राहिला. पंख्याच्या पात्यांवर आकाशी शिंतोडे, स्विचबोर्डावर आकाशी बोटं, आणि भिंतीवर मधोमध मागचं हिरवं उमटलेलं. संध्याकाळी मी हळूच विचारलं, "दुसरा हात मारशील ना रे?"

"कशाला साहेब? मारतील की पुढच्या वर्षीचे."

या रंगकामात आमच्याकडे उतरलेल्या चौघांतला एकोणीस वर्षांचा जोनाथन कुठेच नव्हता. एवढी पत्रिका पाळून पोट त्याचंच बिघडलं. दाराच्या चौकटीपेक्षा उंच पोरगं पाय पोटाशी घेऊन आईच्या दिवाणावर पडून असायचं. दोन दिवस आईने त्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट यांवर ठेवलं. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण बोलणं दोघांचं अखंड चालू. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे परात सरकवली. पाच किलो मटार होते. शेंग शिरेवर दाबायची, अंगठा आतून फिरवायचा, दाणे परातीत, सालपट पेपरवर. पहिल्या दिवशी त्याचे दाणे थेट टीव्हीखाली जात होते. चौथ्या दिवशी तो न बघता सोलायला लागला. मधूनच एखादा दाणा तोंडात टाकायचा. मी हटकलं तर पत्रिकेतलं कलम दाखवलं: सोललेलं चालतं.

निरोपाच्या सभेत एकेकाने माइकपाशी येऊन आपण इथे काय केलं ते सांगितलं. मी भाषांतराला उभा होतो. भिंत रंगवली, भिंत रंगवली, मुलांना गाणी शिकवली, भिंत रंगवली. जोनाथनची पाळी आली. त्याने मला हातानेच थांबवलं, पाठ केलेलं मनातल्या मनात एकदा घोकलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "मी मटार सोलले."

मंडळीत टाळ्यांचा कडकडाट. तो ओसरतोय तोच तिसऱ्या बाकावरून आईचा आवाज आला, "आणि निम्मे कुणी खाल्ले, तेही सांग की!"