गर्दी ओसरल्यावर त्या घरात कोण जातं?

माझा शाळेपासूनचा मित्र गेला त्याला आता तीन वर्षं होतील. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. थोडकी शेती. आजारपण सात महिने चाललं आणि त्या सात महिन्यांत घरातलं एकेक करून बाहेर पडलं. आधी साठवलेलं, मग गाय, मग बैलजोडी, शेवटी हातउसने. तो गेला तेव्हा मागे वहिनी, दोन मुलं, त्याची थकलेली आई आणि एका वहीत लिहून ठेवलेली देणेकऱ्यांची नावं, एवढंच राहिलं होतं.

पहिले पंधरा दिवस त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. धान्य आलं, कपडे आले, पाकिटं आली. आम्ही मित्रांनी वर्गणी काढून दोन शेळ्या घेऊन दिल्या. देताना फोटो काढला आणि तो मीच इथे टाकला होता. खूप जणांनी कौतुक केलं. नंतर आम्ही आपापल्या कामाला लागलो.

आठ महिन्यांनी गेलो तर गोठा रिकामा. खुंटीवर दोन दावी गुंडाळून टांगलेली, कुणी परत मागायला आलं तर लगेच काढून देता यावीत तशी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या शेळ्या मला सांभाळता आल्या नाहीत." तुमच्या शेळ्या! आठ महिने त्यांच्या दावणीला होत्या, तरी त्यांच्या झाल्याच नव्हत्या. एक पावसाळ्यात हगवण लागून मेली. दुसरी गाभण असतानाच विकावी लागली, कारण धाकट्याला दवाखान्यात न्यायचं होतं आणि घरात दुसरं विकण्यासारखं काही नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण काय दिलं याचा हिशेब तेव्हा पहिल्यांदा केला. शेळी गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत साधारण 150 दिवस. करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ महिने, तेही चारापाणी नीट मिळालं तर. म्हणजे आज हातात दावं दिलं की पहिला पैसा दिसायला वर्ष उलटतं. ते वर्ष घर कशावर चालायचं? मजुरीवर. पण शेळीमागे दिवसभर माणूस लागतं. वहिनी मजुरीला गेल्या तर शेळ्या चारायच्या कुणी? थोरलीने. ती त्या आठ महिन्यांत शाळेत जेमतेम निम्मे दिवस गेली होती. आम्ही दिलेल्या मदतीची किंमत त्या पोरीने मोजली, आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

हे आमच्याच बाबतीत झालं असं नाही. बांगलादेशात ब्रॅक ही संस्था 1972 पासून काम करते. अगदी तळातल्या कुटुंबांना कर्ज उपयोगी पडत नाही, हे ओळखून त्यांनी 2002 मध्ये वेगळा कार्यक्रम सुरू केला. जनावर किंवा छोट्या धंद्याचं सामान द्यायचं, पण त्यासोबत ते उत्पन्न देऊ लागेपर्यंत घरखर्चाला नियमित थोडी रक्कम द्यायची, जनावर सांभाळायचं शिकवायचं, आजारपणात आधार द्यायचा, बचतीची सवय लावायची आणि दर आठवड्याला कुणीतरी घरी जाऊन बसायचं. जवळजवळ दोन वर्षं.

हाच नमुना पुढे इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तपासला गेला. 10,000 हून अधिक कुटुंबांचा तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ त्यात होते. मदत थांबून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी त्या घरांत खाणंपिणं, जनावरं, उत्पन्न मदत न मिळालेल्या तशाच घरांपेक्षा चांगलं होतं. होंडुरासमध्ये मात्र गणित बसलं नाही. तिथे अनेकांना कोंबड्या दिल्या होत्या आणि त्यातल्या पुष्कळ रोगाने मेल्या. हे वाचताना आमची हगवणीने मेलेली शेळी डोळ्यांपुढे आली.

घानामध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. काही कुटुंबांना नुसत्या शेळ्या दिल्या, बाकी काही नाही. त्याने त्या घरांच्या परिस्थितीत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे आम्ही जे केलं अगदी तेच. बांगलादेशातल्या कुटुंबांचा 11 वर्षं मागोवा घेणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात तर असं दिसलं की, जनावर मिळाल्यावर ज्यांच्याकडचं सगळं मिळून एका ठरावीक पातळीच्या वर गेलं ते पुढे चढत राहिले आणि जे खाली राहिले ते हळूहळू पुन्हा पहिल्या जागी आले. नदीत बुडणाऱ्याला काठापासून दोन हात अलीकडे आणून सोडावं, तसं.

म्हणून मला मनापासून वाटतं की अशा घराला दहा जणांनी एकदा देण्यापेक्षा तिघांनी दोन वर्षं जात राहणं जास्त मोलाचं आहे. पैसे तेवढेच लागतात. जाणं मात्र जास्त लागतं, आणि तेच आपण टाळतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंच होतो. काहीही न नेता गेलो, वहिनींसमोर बसलो आणि विचारलं, काय केलं तर घर चालेल? त्यांनी शेळीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "पेरणी वेळेवर झाली पाहिजे." वाफसा आला की चार-सहा दिवसांत पेरायला हवं, आणि बैल नसलेल्याच्या रानात औत सगळ्यात शेवटी येतं. लोक आधी स्वतःचं उरकतात, त्यांचंही चूक नाही. त्यामुळे आदल्या हंगामात वहिनींचं बी उशिरा पडलं होतं आणि पीक हातचं गेलं होतं. हे त्या घरातल्या बाईला पक्कं माहीत होतं. आम्ही शेळ्या घेताना तिला विचारलंच नव्हतं.

मग आमच्यातल्या एकाने नांगरट आणि पेरणीचा जिम्मा घेतला. एकाने वहीतल्या देणेकऱ्यांशी बोलायचं. त्याने सगळ्यांना एकत्र बसवलं, कुणाचं आधी, कुणाचं नंतर हे ठरवलं, व्याज थांबवायची विनंती केली. दोघांनी ऐकलं, एकाने ऐकलं नाही, त्याचं आधी फेडलं. माझ्याकडे कागद होते. जमीन अजून मित्राच्याच नावावर होती. मेलेल्या माणसाच्या नावावर पीककर्ज मिळत नाही, पीक गेलं तर भरपाईही त्याच नावापाशी अडकते. वारसनोंदीसाठी वहिनींबरोबर सात चकरा मारल्या. प्रत्येक वेळी एखादा कागद कमी. तिसऱ्या चकरेला त्या बाहेरच्या बाकावर बसून म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, बटाईनेच देऊन टाकते रान." एकट्या असत्या तर त्या दिवशी तो विषय तिथेच संपला असता. माझ्या मते शेती हातची जाते ती अशा बाकांवर.

आणि पीक हाती येईपर्यंत दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम. फार मोठी नव्हती. पण ती येणार हे नक्की असल्यामुळे मध्येच काही विकावं लागलं नाही आणि थोरली रोज शाळेत गेली. "आयतं खायची सवय लागेल," असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. पहाटेपासून दुसऱ्याच्या रानात राबून संध्याकाळी स्वतःचं रान खुरपणाऱ्या बाईबद्दल हे बोलायला जीभ कशी वळते, मला खरंच कळत नाही.

आपल्याकडे दुःखात धावून जाणारी माणसं भरपूर आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्या घराची खरी ओढाताण सुरू होते ती सगळे पांगल्यावर, पहिल्या पेरणीला, शाळा उघडताना, पहिल्या तापाला. तेव्हा फोन करणारं कुणी असतं का? तुमच्या ओळखीत असं घर असेल तर या महिन्यात एकदा जाऊन या. काही नेऊ नका. बसा, आणि काय अडलंय ते त्यांच्या तोंडून ऐका. घरातल्या बाईला विचारा, आलेल्या पाहुण्यांशी बोलायला पुढे बसलेल्या काका-मामांना नको.

दुसऱ्या वर्षीच्या पिकावर वहिनींनी शेळी घेतली. बाजारात स्वतः गेल्या, दात बघितले, कास बघितली, दोन नाकारल्या आणि तिसरी घेतली. खुंटीवरचं एक दावं खाली उतरलं. लस आणि जंताचं औषध कधी द्यायचं ते थोरलीने भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

मी दर रविवारी फोन करतो. गेल्या रविवारी त्यांनी उचलला नाही. रात्री उशिरा त्यांचाच आला. शेळी व्यायली होती, दोन पिल्लं. एक धडधाकट, दुसरं अशक्त, उभं राहत नव्हतं. त्याला बाटलीने चीक पाजत होत्या. म्हणाल्या, "आता नको बोलायला, हात गुंतलाय. माझं करडू जगतंय का बघते आणि सकाळी सांगते."