'नासाला समांतर विश्व सापडलं' – खुलासा

मंडळी, "नासाला अंटार्क्टिकात समांतर विश्व सापडलं, तिथे काळ उलटा वाहतो" हा 2020चा मेसेज पुन्हा फिरतोय. काल मीच तो इथे टाकला, चूक माझी.

घडलं ते असं. अनिता नावाच्या प्रयोगात फुग्याला रेडिओ अँटेना टांगून सुमारे 37 किलोमीटर उंच सोडल्या होत्या. 2006 आणि 2014च्या उड्डाणांत बर्फाखालून वर आल्यासारखे रेडिओ लहरींचे दोन स्पंद (क्षणिक झटके) मिळाले. बर्फावरून परावर्तित झालेला स्पंद उलटा दिसतो, हे मात्र सरळच होते, म्हणजे परावर्तित वाटत नव्हते. कोडं खरंच आहे! पण अनिताच्या संशोधकांच्या निबंधांत समांतर विश्वाचा दावा नाही. ती फोडणी बातम्यांची. असे स्पंद न्यूट्रिनोंमुळे (पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे) आले असतील का, हेही तपासलं; पण दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेलाही जुळणारे न्यूट्रिनो मिळाले नाहीत.

माझा मेसेज मी काढलाय. कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया तिथे हा खुलासा टाका.