त्यांचा वकील त्यांचाच असतो: गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही कळेल. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म कशा चालतात यावरचा माझा लेख तुम्हाला फुकटची जाहिरात वाटला. या फर्म म्हणजे पोरांना मध्यरात्रीपर्यंत राबवणारे कारखाने, एन्रॉनच्या वीजप्रकल्पापासून आजतागायत कोकणाच्या मुळावर आलेले कागद यांनीच केले, आणि मला त्यांच्याकडून कामं मिळतात म्हणून मी गोडगोड लिहिते, असं तुमचं म्हणणं. शिवाय नातीविषयी एक प्रश्न विचारलाय. तो शेवटी घेते.

कामं मिळतात, हे खरं आहे आणि त्या लेखातही ते लिहिलं होतं. सातबारा आता मुंबईत बसून मोबाइलवर दिसतो. पण खोती गेल्यावर कूळ म्हणून कोण लागलं, जुन्या फेरफाराने कुणाचं नाव कसं उडालं, गिरणीत गेलेल्या चुलत्याची वारसनोंद झाली की राहिली, हे रत्नागिरीत बसून, जुनी दप्तरं चाळूनच कळतं. म्हणून फर्म इथल्या वकिलाला सर्च, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी शोधायचं काम, देते. किमान तीस वर्षांचे व्यवहार पाहून मी रिपोर्ट देते, त्यावर विसंबून ते टायटलचं, म्हणजे मालकी हक्काचं, सर्टिफिकेट देतात. रिपोर्टवर माझी सही, सर्टिफिकेटवर त्यांची. दोन सह्यांच्या फीमधला फरक मात्र विचारू नका, जेवण जायचं नाही.

जाहिरातीचं म्हणाल तर बार कौन्सिलच्या नियमांतल्या 36 क्रमांकाच्या नियमानुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, मग तो चिपळूणच्या कोर्टातला असो की नरीमन पॉइंटचा. फर्मच्या वेबसाइटवर आत शिरताना ‘मी स्वतःहून माहिती घेतोय’ असं कबूल करायला लावतात ते त्यामुळेच. परिणाम असा की आत काय चालतं हे बाहेरच्याला कळत नाही आणि आपण सगळेच अंदाजाने बोलतो.

सगळ्या विषयांची कामं एकाच छताखाली करणाऱ्या फर्मविषयी ‘फुल सर्व्हिस म्हणजे सगळ्यात थोडं थोडं’ असं तुम्ही लिहिलंत, तिथे मात्र अडखळले. समजा, एका हॉटेल कंपनीला मालवणजवळ किनाऱ्यालगत रिसॉर्ट काढायचंय. जमीन शेतीची, म्हणजे कूळकायद्याच्या कलम 63 चा अडसर आला, बिगरशेतकऱ्याला ती सहज घेता येत नाही. भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आलं. बँकेचं कर्ज घेतलं की गहाणखत आलं. परदेशी भागीदार असेल तर परकीय चलनाचा कायदा, कामगार ठेवले की कामगार कायदे, आणि उद्या गावाने हरकत घेतली तर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात उभं राहणारं कुणीतरी. मोठ्या फर्ममध्ये या प्रत्येक विषयाला वेगळी टीम असते. जमिनीवाला सीआरझेडवर मत देत नाही, सीआरझेडवाला कर्जाच्या कागदाला हात लावत नाही. आपल्याकडे एकच वकील सकाळी वाटपाचा दावा, दुपारी चेक बाउन्स आणि संध्याकाळी खरेदीखत करतो. खरं तर ‘सगळ्यात थोडं थोडं’ हे वर्णन माझ्यासारखीला जास्त लागू पडतं, आणि त्याची मला लाजही नाही.

कारखान्याच्या आरोपावर मी तुमच्याशी भांडणार नाही. दिवसाच्या प्रत्येक तासाचा हिशेब टाइमशीटवर जातो, बऱ्याच ठिकाणी तास सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोडून. वर मोजके पार्टनर म्हणजे मालक, खाली असोसिएट म्हणजे पगारी वकिलांची रांग, आणि अशिलाला ड्राफ्ट सकाळी हवा असतो. मग रात्र कुणाची जाणार हे सांगायला नको. असं राबवणं चूकच आहे. वर काही फर्मवर घराण्यांची पकड राहिली. अमरचंद मंगलदास ही 1917 सालची फर्म. आईच्या मृत्युपत्रावरून दोन भावांचा वाद हायकोर्टात गेला आणि 2015 मध्ये दोन फर्म झाल्या, दोघींच्या नावात अमरचंद मंगलदास कायम. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांचे कागद करणाऱ्यांच्या घरीसुद्धा शेवटी वाटप आलंच. भाऊबंदकी काही फक्त आपल्या वाडीत नसते, गुरुजी.

पण त्याच संस्कृतीतली एक गोष्ट मला मनापासून आवडते, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ती कुठेच नाही. नवा अशील आला की काम घेण्याआधी सगळ्या ऑफिसांत विचारणा होते: समोरच्या पक्षाचं काही काम आपल्याकडे आहे का? असेल तर हे काम नाकारायचं, किंवा दोन्ही बाजूंची लेखी संमती घेऊन पुढे जायचं. आता आपल्या तालुक्याकडे बघा. बाजूच्या वाडीतल्या माणसाचं वकीलपत्र घ्यायचं आणि त्याच्या विरोधकाला चहाच्या टपरीवर सल्ला द्यायचा, यात आपल्याला काही खटकत नाही. वास्तविक एका बाजूला सल्ला दिला असेल तर त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहू नये, हा बार कौन्सिलचाच नियम आहे आणि तो आम्हा सगळ्यांना लागू आहे.

आता एन्रॉन. प्रकल्पाचं नाव दाभोळ, उभा राहिला खाडीच्या अलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबर 1993 मध्ये वीजखरेदीचा करार झाला, वीस वर्षांचा. दर डॉलरशी बांधलेला. वीज उचला न उचला, ठरलेला आकार द्यायचाच. वर राज्य सरकारची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी, आणि वाद झाला तर लवाद लंडनला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं म्हणून जागतिक बँकेने त्याच वर्षी पैसे द्यायला नकार दिला होता. 1995 ला सरकारने करार मोडला, पुढच्या वर्षी नव्याने केला, 1999 मध्ये पहिला टप्पा चालू झाला आणि 2001 मध्ये वीज मंडळाने हात वर केले. कंपनीच्या वकिलांनी त्या करारात काय केलं? आपल्या अशिलाचा एकही रुपया बुडणार नाही याची तजवीज केली. ते त्यांचं कामच होतं. प्रश्न टेबलाच्या दुसऱ्या बाजूला विचारायचा. तिथे बसलेल्यांनी प्रत्येक कलम वाचून ‘हे आम्हाला चालणार नाही’ असं किती वेळा म्हटलं?

तेच तीन गुंठ्यांच्या व्यवहारात रोज घडतं. फर्मकडून तीस-चाळीस पानी साठेखत येतं. आमच्या माणसाला वाटतं, एवढ्या मोठ्या ऑफिसातून आलंय, म्हणजे बरोबरच असणार. दलाल सांगतो, ‘वकील आहे ना त्यांचा, सगळं बघितलंय त्याने.’ बघितलंय, पण खरेदीदारासाठी! समाईक सातबाऱ्यावर कुणी हिस्सेदार उद्या उपटला तर भरपाई विकणाऱ्याने द्यायची, मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर किंमत कमी होणार, उरलेली रक्कम परवानगी आल्यावर मिळणार, तीही कधी याला तारीख नाही, आणि सोबत न परत घेता येणारं कुलमुखत्यारपत्र. यातलं काहीही बेकायदेशीर नाही. स्वतःचा वकील असता तर यातली निम्मी कलमं त्याने बदलून घेतली असती. समोरून आलेले बदल फर्म बऱ्याचदा फारशी खळखळ न करता मान्य करते, कारण तिला व्यवहार पुरा करायचा असतो. पण मागायला कुणीतरी हवं. ज्या जमिनीचे लाखो रुपये येणार, तिच्या कागदासाठी वकिलाला चार पैसे द्यायला आम्ही तयार नसतो आणि नंतर ‘मुंबईवाल्यांनी फसवलं’ म्हणत फिरतो. तुमचा राग मला कळतो, फक्त तो चुकीच्या दारात उभा आहे.

नातीविषयी. शेवटच्या वर्षाला आहे आणि मोठ्या फर्ममध्ये जावं का, असं तुम्ही विचारलंत. जाऊ दे. दोन-तीन वर्षं काढू दे, कागद कसा लिहायचा आणि कसा तपासायचा याचं तसं शिक्षण इथे मिळत नाही. मात्र कोणत्या टीममध्ये घेणार हे आधी विचारायला सांगा, नाहीतर एकाच प्रकारचे करार वाचण्यात उमेदीची वर्षं जायची. आणि कोर्टात उभं राहायची आवड असेल तर फर्मऐवजी एखाद्या चांगल्या सीनिअरकडे बसू दे. हायकोर्टातली आपली दिवाणी अपिलं आता मुंबईऐवजी हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तिथे नव्या पोरांना भरपूर वाव आहे.

तोवर मे महिन्यात तिला माझ्याकडे पाठवा. दिवाणी कोर्टाला सुट्टी असते, पण दुय्यम निबंधकाचं ऑफिस चालू असतं आणि सर्चची कामं तेव्हाच हातात घेता येतात. मोडी वाचायला शिकली असेल तर फारच उत्तम.